उभयब्रेकधारी मास्तरांनी पितळी भोंगा घरी आणिला त्याची हकीकत

श्रीमंत सकलगतिनियंत्रक, क्लचप्रतिपालक, उभयब्रेकधारी मोटारमास्तर यांचे कारकिर्दीत आंतरराष्ट्रीय मोटारशर्यतीचा जो थोर संग्राम जाहला, त्याची हकीकत साद्यंत लिहून ठेवावी, ऐसी आज्ञा कोणीही केली नाही. परंतु ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते आता चष्मा कोठे ठेविला हेही विसरू लागले, आणि पलीकडच्या काठावर भलतीच वार्ता पसरली की ऐन मोक्यास रस्त्यात बदक आडवे आले होते. सबब खरे ते कागदावर यावे म्हणोन हा उद्योग आरंभिला. बदक नव्हते. ही गोष्ट वाचणारांनी प्रथमच ध्यानी धरावी, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही.

गाव एक आणि राष्ट्रे दोन, ऐसा या मुलखाचा प्रकार. मधोमध नदी, तिला नदी म्हणावयाचे ते नकाशाच्या भिडेखातर, कारण उन्हाळ्यात चपला हाती घेऊन ती ओलांडता येते. अलीकडचा काठ या राष्ट्राचा, पलीकडचा त्या राष्ट्राचा, मध्ये पूल, पुलाच्या मध्यावर नाका, नाक्यावर आडवा दांडा आणि दांड्याजवळ नाकेदार. भाषा दोहीकडे तीच, भांडणे तीच, आणि नातीगोती एकमेकांत इतकी गुंतलेली की युद्ध करावयाचे तर आधी कोण कोणाचा मेव्हणा लागतो याची चौकशी करावी लागे. म्हणोन युद्ध कधी जाहले नाही. त्याची उणीव शर्यतीने भरून काढिली.

शर्यतीचे मूळ ऐसे. फार पूर्वी, दोन्ही काठांवर मिळून मोटारी दोनच होत्या ते समयी, अलीकडच्या कारंज्याजवळ राहणाऱ्या एका गृहस्थाचे पोट दुखू लागले, आणि घरच्यांची पाचावर धारण बसली, आणि गडबडीत एकाने माणसांच्या डॉक्टरास निरोप धाडिला आणि दुसऱ्याने गुरांच्या डॉक्टरास. दोघेही त्या वेळी पलीकडच्या घड्याळमनोऱ्याखाली गप्पा छाटीत उभे होते. दोघांनी एकदमच मोटारी काढिल्या, पूल एकदमच ओलांडिला, आणि रोग्याचे दाराशी एकदमच येऊन ठेपले. मग आधी कोण आला यावरून उंबऱ्यावर जी जुंपली ती इतका वेळ चालली की रोगी आतल्या आत बरा होऊन बाहेर आला, आणि त्याने दोघांस चहा दिला, आणि तंटा काय तो ऐकिला. निवाडा त्यानेच करावा ऐसे ठरले. रोगी बोलिला की आपण आत पडून होतो, काही पाहिले नाही. तरी पुढील साली याच दिवशी पुन्हा यावे, आपण बाहेर खुर्ची टाकून बसू.

ऐसी शर्यत वार्षिक जाहली. दारातल्या झटापटीत एका मोटारीचा पितळी भोंगा निखळून पडिला होता. कोणाच्या मोटारीचा, याचा निकाल आजवर लागला नाही, म्हणोन तोच जिंकणाराचे बक्षीस ठरला. निवाड्याचे पद रोग्याच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आले. त्या घराण्यात पुढे कोणास साधे पडसेही जाहले नाही, तरी गाव त्यांस आजतागायत रोगीच म्हणते, आणि सांप्रत त्या गादीवर रोगीआजी आहेत, ज्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि ज्यांच्यापुढे दोन्ही राष्ट्रांचे काही चालत नाही.

मूळ रोग्याने कलमे घालून दिली ती अद्याप कायम आहेत. माणसांचे डॉक्टर त्या दिवशी घाईत औषधाची पेटीच विसरले होते, त्यावर रोगी बोलिला की रिकाम्या हाताने लवकर येऊन करावयाचे काय. सबब शर्यतीची मोटार धंद्याची असावी, धंद्याचा जिन्नस आत असावा आणि तो धडपणे पोहोचावा. रोग्याची बायको बोलिली की चालवणारास धाक हवा. सबब घरचे एक माणूस गाडीत बसावे. आणि दोघे डॉक्टर आपल्या नाक्यावरून न थांबता गेले याचा तत्कालीन नाकेदारास इतका राग आला होता की त्याने हट्टच धरिला, मग ऐसे ठरले की जाता एकदा आणि येता एकदा, प्रत्येक मोटारीने नाक्यावर थांबून आत काय आहे ते जाहीर करावे. मार्ग पुढे कारंज्यापासून घड्याळमनोऱ्यास वळसा घालून परत कारंज्यापर्यंत ऐसा मुक्रर जाहला, कारण पलीकडच्यांची तक्रार पडली की सगळी गंमत अलीकडेच होते.

दोनच राष्ट्रांची शर्यत कसली आंतरराष्ट्रीय, ऐसे नाक मुरडणारेही होते. परंतु एके साली तिसऱ्याच राष्ट्राचा एक प्रवासी भाड्याच्या गाडीतून, गाडी लावावयास जागा शोधीत शोधीत शर्यतीत शिरला, आणि मागचे लोक भोंगे वाजवितात म्हणोन भिऊन सुसाट निघाला, आणि दुसरा आला. रोगीआजींच्या तीर्थरूपांनी याचा धंदा भटकण्याचा आणि जिन्नस नकाशा ऐसा अर्थ लावून त्यास पदक बहाल केले. त्या दिवसापासून नाक मुरडणारांची तोंडे बंद जाहली.

आता मुख्य पुरुषाकडे यावे. अलीकडच्या काठावर मास्तरांची मोटार शिकवण्याची शाळा. शाळा म्हणजे घराची पुढची खोली, मागचे अंगण आणि एक पांढरी मोटार, जिला ब्रेक दोन आणि क्लच दोन. एक जोडी शिकाऊच्या पायाशी, दुसरी शेजारी मास्तरांच्या पायाशी. उभयब्रेकधारी हा किताब त्यावरून पडला. मास्तरांनी शर्यतीत उतरण्याचा मानस प्रकट केला तेव्हा पेच पडिला की पाववाल्याचा जिन्नस पाव, दूधवाल्याचा दूध, मग मोटारशाळेचा जिन्नस काय. रोगीआजींनी शिट्टी फुंकून निवाडा दिला की शिकाऊ माणूस. आणि तो मागच्या आसनावर गाठोड्यासारखा ठेवून चालणार नाही, जिन्नस वापरात दिसला पाहिजे, सबब चाक त्याच्याच हाती.

येणेप्रमाणे मास्तर दर साली शिकाऊच्या घरचे एक माणूस मागे घेऊन, शिकाऊच्या शेजारी बसून मोहिमेवर जात, आणि दर साली शिकस्त खाऊन येत. एके साली दातांचे डॉक्टर चाकावर होते. ते प्रत्येक कबुतरासाठी थांबले आणि त्यास हाताने वाट दाखविते जाहले. एके साली पियानो जुळवणारे होते. त्यांस पहिल्या गियरचा सूर इतका पसंत पडिला की सबंध मार्ग त्याच गियरात काढिला, आणि ते कारंज्याशी पोहोचले तो बक्षीस वाटून लोक घरी गेले होते, फक्त रोगीआजी खुर्चीवर पेंगत होत्या. जो शिकाऊ बरा चालवू लागे तो परीक्षा पास होऊन परवाना घेई, म्हणजे जिन्नस राहत नसे; ऐसे मास्तरांचे एकूण एक सरदार शहाणे होताच हातचे जात.

तथापि खरा घात शिकाऊंनी केला नाही. खरा गनीम मास्तरांच्याच बुटात होता. उभी हयात शेजारच्या आसनावर गेल्याने त्यांचा उजवा पाय त्यांच्या हुकमतीत राहिला नव्हता. वेग किंचित वाढला की तो आपल्या मर्जीने ब्रेकवर पडे. घरात लेक लहानपणी जिन्यावरून धावत उतरली की मास्तर खुर्चीत बसल्या जागी जमीन दाबीत. आणि ती लेक तरी कोणाची! तिच्यातही तेच रक्त. मैत्रिणीच्या सायकलीमागे बसली तरी पाय आवळी, आणि हाताशी दांड्यासारखे काही लागले तर ओढी, एकदा बसमध्ये तिने शेजारच्या बाईंची छत्रीच ओढिली, आणि बाई म्हणाल्या, "अगं, मी उतरत नाहीये!"

पुढे या लेकीचे पलीकडच्या पाववाल्यांच्या मुलाशी जुळले, आणि लग्न जाहले, आणि पाववाले मास्तरांचे व्याही जाहले. हे व्याही, किताब खमीरजंग बहाद्दर, म्हणजे मोठे मातब्बर गनीम. गरम पाव थंड होण्याआधी दारोदार पोहोचवण्याची घाई त्यांच्या अंगात मुरलेली, व्हॅन दणकट, आणि भोंगा पिढ्यान्‌पिढ्या आपलाच ऐसी समजूत. लेक आणि जावई नोकरीनिमित्त दूर शहरी राहत आणि त्यांस वर्षातून दीर्घ सुटी एकच. ती कोणाचे घरी काढावी यावरून लग्नाच्या जेवणातच उभय पक्ष हातघाईवर आले. सुटी अर्धी अर्धी वाटून घ्यावी, ऐसे जावई मध्येच बोलिले. दोन्ही पक्षांनी त्यांजकडे ऐसे पाहिले की ते पुन्हा पानाकडे वळले. मग तह जाहला तो ऐसा: भोंगा ज्याचे घरी, सुटी त्याचे घरी. शर्यतीच्या आदल्या दिवशी लेक-जावई येत तेव्हा त्यांचा मुक्काम पुलाच्या मध्यावर नाकेदाराचे खोलीत पडे, कारण ती जागा कोणाचीच नव्हे.

तह जाहला त्या सालापासून भोंगा खमीरजंगांचेच घरी. मास्तर दर साली शर्यतीआधी लेकीच्या खोलीतली गादी उन्हात घालीत, खिडक्या पुसून घेत, दिवा लागतो की नाही पाहत. आणि शर्यत जाहल्यावर तीच खोली बंद करीत. मग मास्तर आणि त्यांच्या पत्नी बाईसाहेब पूल ओलांडून व्याह्यांकडे चहास जात, खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे बसत, आपल्याच लेकीस "बरी आहेस ना?" ऐसे विचारीत, आणि परतत. मास्तरांस याचे फार दुःख होते, आणि ते दुःख ते कोणास सांगत नसत.

या साली मात्र मास्तरांची उमेद वाढली होती. शिकाऊ होते घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ. हात स्थिर, नजर बारीक, घाई ठाऊक नाही. मास्तरांनी त्यांस जीव लावून तयार केले, आणि इतके तयार केले की शर्यतीच्या आदल्या दिवशी ते परीक्षा पास जाहले. मास्तरांनी त्यांचे अभिनंदन केले, हस्तांदोलन केले, आणि स्वयंपाकघरात येऊन डोके धरून बसले.

"काय झालं?" बाईसाहेबांनी विचारिले.

"पास झाला."

"मग चांगलं झालं की!"

"चांगलं काय? उद्या जिन्नस कुठून आणू? लेक येऊन नाक्यावर बसलीय तिकडे."

येथे सांगितले पाहिजे की बाईसाहेबांचे नावे शिकाऊ परवाना मास्तर मोठ्या हौसेने काढवीत आणि मुदत संपली की नवा करवीत, आणि बाईसाहेब त्यास हात लावीत नसत. कारण त्यांचे मत ऐसे की नवऱ्याकडून गाडी शिकणे म्हणजे घरात कायमचे कोर्ट उघडणे. परंतु त्या क्षणी त्यांनी पदरास हात पुसले, आणि नाक्याच्या दिशेस एकवार पाहिले, आणि बोलिल्या, "मी चालवते."

"तू?"

"का? इतकी वर्षं या खिडकीतून तुमचंच ऐकतेय. क्लच हळू सोडा, आरसा बघा, घाई करू नका. झोपेतसुद्धा तेच बडबडता. फक्त तुम्ही मागे बसायचं."

"मागे?" मास्तर उठून उभे राहिले. "मी मागे बसू?"

"मागे. ब्रेकपाशी दिसलात तर मी तिथल्या तिथे गाडीतून उतरेन, आणि मग लेकीला कारण तुम्ही सांगा."

हा हुकूम जाहीर होताच मास्तरांचे तोंडचे पाणी पळाले. परंतु शिकवणारा गाडीत असावा इतकेच कायदा म्हणतो, कोठे ते म्हणत नाही, ऐसा अर्थ बाईसाहेबांनी काढिला आणि रोगीआजींनी तो मान्य केला. मग तिसऱ्या प्रहरी अंगणात कवाइतीस आरंभ जाहला. बाईसाहेबांनी पहिला गियर घातला, दुसरा घातला, आणि तिसरा घालावा तो भिंत आली. पुन्हा मागे येऊन पहिला, दुसरा आणि भिंत. तिसरा गियर म्हणोन काही असतो हे त्यांस ऐकून ठाऊक होते, भेट मात्र जाहली नाही. मास्तर मागच्या आसनावर बसून पायाने रबराची चटई दाबीत होते, आणि आयुष्यात प्रथमच दाबून काही होत नव्हते.

दुसरे दिवशी सकाळी फौजा कारंज्यापाशी गोळा जाहल्या. खमीरजंग आपली व्हॅन घेऊन आले, आणि मास्तरांनी पाहिले तो व्हॅनमध्ये शेजारच्या आसनावर त्यांची स्वतःची लेक. विहीणबाईंस गाडी लागते, आणि जावई वजनाने भारी, सबब सुनेस घेतले, ऐसे खमीरजंगांनी हसत हसत सांगितले. परंतु मास्तरांचा धीर सुटावा हाच आतला डाव, हे शेंबड्या पोरासही कळावे. लेकीने काचेतून हात हालविला. तिने बापास मागच्या आसनावर पाहिले, आणि आईस चाकावर पाहिले, आणि तिचा हात हवेतच राहिला.

रोगीआजींनी शिट्टी फुंकिली आणि एकच गर्दी उडाली. खमीरजंग बाणासारखे निघाले. त्यांचे मागे दूधवाले आणि फुलवाल्या बाई. पैकी फुलवाल्या बाईंस पहिल्याच कोपऱ्यावर कोणी गुच्छ मागितला आणि धंदा आधी म्हणोन त्या तेथेच उतरल्या, आणि दूधवाल्यांचे दूध पुलाच्या चढावर सांडून त्यांची मोहीम आटोपली. बाईसाहेबांनी आरसा पाहिला, दुसरा आरसा पाहिला, सिग्नल दिला, हळू क्लच सोडिला आणि गाडी चालू केली. तोवर बाकीच्या फौजा दिसेनाशा जाहल्या होत्या.

"जरा..." मास्तर मागून बोलिले.

"घाई करू नका," बाईसाहेब म्हणाल्या. "हे तुम्हीच शिकवता."

नाक्यावर खमीरजंगांनी "पाव!" ऐसे ओरडून दांडा उचलविला आणि ते पार जाहले. मग पांढरी मोटार आली. नाकेदार वाकून आत पाहू लागला. मास्तरांस मागे पाहून तो गोंधळला, कारण त्यांस मागे बसलेले कोणी कधी पाहिले नव्हते.

"काय नेताय? धंद्याचं की घरगुती?"

या प्रश्नात पेच मोठा. बाईसाहेब धंद्याचा जिन्नस म्हणावे तर संध्याकाळी घरी काय ऐकावे लागेल, आणि घरगुती म्हणावे तर गाडीत जिन्नस नाही म्हणोन शर्यतीतून बाद. आणि पलीकडे व्हॅनची धूळ दूर दूर जात राहिली.

"मी सांगते," बाईसाहेब नाकेदारास म्हणाल्या. "मी शिकाऊ, म्हणजे धंद्याची. मागे बसलंय ते घरगुती सामान. उचला दांडा!"

दांडा ऐसा उचलला गेला की जणू स्वतःच भ्याला. मास्तरांनी याविषयी पुढे कधी तक्रार केली नाही. उलट त्या प्रसंगी आपणांस उत्तर सुचले नाही आणि तिला सुचले, हे ते चारचौघांत सांगत आले आहेत.

घड्याळमनोऱ्यास वळसा घालून येता येता अंतर बरेच कमी जाहले, कारण खमीरजंगांस पलीकडच्या बाजारात ओळखीचे फार, आणि प्रत्येकाचा नमस्कार त्यांस घेणे भाग. परतताना नाकेदाराने बाईसाहेबांस पाहून फक्त "तेच ना?" ऐसे विचारिले, आणि "तेच!" ऐसे उत्तर मिळताच दांडा वर. पूल उतरून मोटार अलीकडच्या रुंद रस्त्यास लागली. पुढे व्हॅन, त्यापुढे कारंजे, कारंज्याशी खुर्ची आणि खुर्चीवर रोगीआजी. आणि समोर भिंत नव्हती. बाईसाहेबांनी जिभेचे टोक दातांत धरिले, आणि क्लच दाबिला, आणि तिसरा गियर घातला.

मोटारीने जी झेप घेतली तीत मास्तर मागे आदळले. उजवा पाय चटईवर दाबिला, डावा दाबिला, मग दोन्ही मिळून दाबिले, आणि मोटार वेगातच राहिली. तेव्हा त्यांस उमगले की आजवर आपण शिकाऊंस दोष दिला तो फुकट. शर्यत दर साली आपल्याच पायाने बुडविली. आता पुढचे काही आपल्या हाती नाही आणि पायातही नाही, हे जाणोन त्यांनी डोळे मिटून घेतले.

खमीरजंगांनी कारंज्याच्या वळणापाशी पावांचे ट्रे घसरू नयेत म्हणोन वेग जरा कमी केला होता. त्या संधीस पांढरी मोटार व्हॅनच्या बगलेस आली. व्हॅनमधील लेकीने वळून पाहिले, आणि हातभर अंतरावर, जन्मात कधी चाकास हात न लाविलेली आपली आई, नाकावर घसरलेला चष्मा, तोंडातून बाहेर आलेली जीभ, आणि वाऱ्यासारखी चाललेली!

"आई, ब्रेक!" ऐसी किंकाळी तिने फोडिली, आणि बापाकडून आलेले रक्त उसळले, आणि हाताशी जो दांडा लागला तो तिने दोन्ही हातांनी ओढिला. तो आईच्या गाडीचा नव्हता. तो सासऱ्यांच्या व्हॅनचा हँडब्रेक होता.

व्हॅन जागच्या जागी खिळली. मागचे ट्रे पुढे आले, आणि लांब पाव, गोल पाव, लाटेसारखे खमीरजंगांच्या टोपीवरून, खांद्यांवरून, उघड्या खिडकीतून रस्त्यावर कोसळले. बाईसाहेब कारंज्यापाशी आल्या, सिग्नल दिला, कडेस घेतली, गियर मोकळा केला, हँडब्रेक लाविला, चावी फिरविली, आणि मग मागे वळून म्हणाल्या, "उघडा आता डोळे."

रोगीआजींनी शिट्टी फुंकिली. जिन्नस तपासला तो धड. खमीरजंग पावांच्या ढिगातून बाहेर येऊन फितुरी, फितुरी ऐसे गर्जले, आणि न्याय मागितला. आजींनी लेकीस पुढे बोलाविले.

"मुद्दाम ओढलास?"

"मुद्दाम कशाला ओढू?" लेक रडवेली होऊन म्हणाली. "अहो, आई चालवत होती! माझी आई! तुम्ही काय केलं असतं?"

सगळे खमीरजंगांकडे पाहू लागले. त्यांनी भुवईवरचा भुगा झाडिला, आणि आपल्या आईस मोटार चालविताना मनात आणून पाहिले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडिला. "मीही ओढला असता," ते हळूच म्हणाले. आणि यापरते मोठे मन कोणत्याही गनिमाने दाखविल्याचे ऐकिवात नाही. पुढे लोकांत जाताना मात्र त्यांनी बदकाची गोष्ट रचिली. पाव धड न राहिल्याने व्हॅन बाद जाहली, आणि दुसरा क्रमांक तोच जुना प्रवासी घेऊन गेला, जो या साली सपत्नीक आला होता आणि ज्यास गाडी लावावयास अद्याप जागा मिळाली नव्हती.

भोंगा मास्तरांचे हाती आला तेव्हा त्यांस रडू कोसळले. विचारिले त्यास त्यांनी सांगितले की डोळ्यांत पावाचा भुगा गेला. मग लेक-जावई वाजत गाजत मास्तरांचे घरी दाखल जाहले, आणि खोलीचा दरवाजा उघडला, आणि उन्हात घातलेली गादी प्रथमच उपयोगी पडली. सुटीभर घरात जिन्यावरून धावण्याचा आवाज येत होता, कारण लेक मोठी जाहली तरी जिना त्याच रीतीने उतरते. खमीरजंग आणि विहीणबाई रोज चहास येत, येताना गरम पाव आणीत, आणि खुर्चीच्या कडेवर बसत. मास्तर त्यांस म्हणत, "मागे सरकून बसा हो. घर तुमचंच आहे." हे म्हणावयाची संधी मास्तरांस इतक्या वर्षांनी मिळाली होती, म्हणोन ते दिवसातून दोनदा म्हणत.

सुटी संपली आणि लेक-जावयांनी कूच केले. फाटकात उभे राहून मास्तरांनी निरोप दिला, आणि गाडी हालताच त्यांचा उजवा पाय आपसूक जमिनीवर दाबला गेला. गाडी थांबली नाही. बाईसाहेबांनी ते पाहिले, आणि आत जाऊन परीक्षेचा दिवस मुक्रर करून घेतला, कारण शर्यत पाहणारे सगळेच विचारू लागले होते की बाई परवाना का घेत नाहीत.

परीक्षेस गाव लोटला. बाईसाहेबांनी चढावर गाडी थांबवून उचलली, उलटी नेऊन दोन खांबांत बसविली, आरसे पाहिले, सिग्नल दिले, आणि तिसरा गियर लोण्यासारखा घातला. परीक्षकाने पास म्हणण्यास तोंड उघडले. तोच बाईसाहेबांनी गाडी शांतपणे उजवीकडे वळविली आणि शेवटचा खांब आडवा केला.

"अहो बाई, सगळं इतकं छान झालं होतं," परीक्षक हळहळला, "हा खांब का पाडलात?"

"पास झाले तर जिन्नस राहीन का?" बाईसाहेब म्हणाल्या. "पुढच्या वर्षी लेक यायचीय."

येणेप्रमाणे बाईसाहेब नापास जाहल्या, शिकाऊपण अबाधित राहिले, आणि फत्ते पुढील सालचीही पक्की जाहली. भोंगा लेकीच्या खोलीत खिडकीपाशी आहे. गादी आतापासूनच उन्हात आहे.